चप्पा

संघटनेच्या कामासाठी एर्नाकुलमला गेलो असता एक सकाळ मोकळी मिळाली, तेव्हा आम्ही बोटीने पलीकडे फोर्ट कोचीला उतरलो. प्रवासी तेथे प्रथम चिनी जाळी पाहतो, आम्हीही पाहिली. लाकडी बाहूंना टांगलेले प्रचंड जाळे, मागे दोरांना बांधलेले दगड, आणि चार-पाच माणसांची एकदम ओढ. एकट्याचे ते कामच नव्हे.

सेंट फ्रान्सिस चर्च तेथून जवळच. 1524 साली कोचीत वारलेल्या वास्को द गामाला येथे पुरले होते. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. पोर्तुगीजांकडून 1663 मध्ये डचांनी व डचांकडून 1795 मध्ये इंग्रजांनी हे ठाणे घेतले. वाटाडे एवढे सांगून थांबतात. परंतु धनी बदलले तरी मिऱ्यांची पोती कोणाच्या पाठीवर होती, हे विचारल्यावाचून आमचे पाऊल पुढे पडेना.

म्हणून बाजार रस्त्याने मट्टनचेरीकडे चालत निघालो. दोन्ही बाजूंस जुन्या वखारी. या बंदरात ‘चप्पा’ नावाची पद्धत होती. चप्पा म्हणजे धातूचा बिल्ला. तो ज्याच्या हाती, त्याला त्या दिवसाचे काम. कंत्राटदारांचे लोक बिल्ले जमावात भिरकावीत आणि भुकेली माणसे एकमेकांना तुडवीत त्यांवर झेप घेत. गोदी कामगारांसाठी कायदा 1948 मध्येच झाला होता. तरी फेक चालूच होती. 1953 मध्ये कामगारांनी संप केला. 15 सप्टेंबरला मट्टनचेरीत पोलिसांनी गोळीबार केला. त्या लढ्यात सैद, सैदलवी आणि अँटनी या कामगारांचे प्राण गेले.

आम्हीही विशीत एका कारखान्याच्या दारात बदली म्हणून उभे राहिलो आहोत. पुढे घुसण्यासाठी शेजाऱ्याला कोपर मारले आहे. त्या दिवशी तो रिकाम्या हाताने परतला आणि आमच्या घरी चूल पेटली. ही गोष्ट आजवर आम्ही कोणत्याही सभेत सांगितली नाही. मट्टनचेरीच्या रस्त्यात ती आठवली. बिल्ला फेकणाऱ्याची मजुरी तर वाचतेच, शिवाय शेजारी शेजाऱ्याचा वैरी होतो, हा नफा वेगळा. तिघांनी प्राण दिले ते हा नफा बुडवण्यासाठी.

धातूचा बिल्ला आता राहिला नाही. तरी श्रोतेहो, उद्या सकाळी आपल्या गावच्या मजूर नाक्यावर घटकाभर थांबा. मुकादमाचा टेंपो उभा राहताच कोण कसे धावते ते पाहा, आणि चप्पा खरोखर गेला का, ते तुम्हीच ठरवा.