आंबवलेले खत : चहाच्या मळ्यापासून विहाराच्या गच्चीपर्यंत

जपानमधील अनेक चहा उत्पादक भाताचा कोंडा, पेंड व मासळीची भुकटी आंबवून ‘बोकाशी’ खत करतात. त्यातील नत्र सावकाश सुटते. चहाची मुळे नत्रापासून थिअनिन बनवतात व चहाला गोडसर चव येते. रासायनिक नत्राचा अतिरेक झाला, तर जमीन गरजेपेक्षा जास्त आम्लधर्मी होते.

महाराष्ट्रात सुभाष पाळेकर यांनी प्रचार केलेले जीवामृतही शेण, गोमूत्र, गूळ व बेसन आंबवूनच होते. उपनगरात रोज शेण मिळणे अवघड. तिथे बोकाशीची बादली सोयीची. अंधेरी-मुलुंडला चहाचे मळे नाहीत, पण गवती चहा कुंडीतही येतो.

कृती : घट्ट झाकणाची, तळाला नळ असलेली बादली घ्या. भाजीची देठे, वंदनेची फुले बारीक करून थर लावा. प्रत्येक थरावर बाजारात मिळणारा बोकाशीचा कोंडा भुरभुरून दाबा. बादली भरल्यावर दोन आठवडे बंद ठेवा. नळातून निघालेला द्रव शंभरपट पाण्यात मिसळून झाडांना घाला. आंबलेला कचरा मातीत पुरून आणखी दोन-तीन आठवडे थांबा. तो आम्ल असल्याने लगेच लावलेल्या रोपाची मुळे जळतात.

2016 च्या घनकचरा नियमांपासून ओला-सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक आहे. एकत्र टाकलेला कचरा शेवटी कोणाला तरी हाताने निवडावा लागतो, आणि त्या हातांत आपल्या समाजाचे अनेक हात आहेत. म्हणून विहारातली ही बादली मातीसोबत माणसाच्या सन्मानाचेही काम करते.