दुर्मिळ डच आडनावे

दुर्मिळ डच आडनावे : नेदर्लंड्समध्ये व डच भाषेचा प्रसार झालेल्या इतर प्रदेशांत अगदी थोड्या व्यक्ती वा एखाद-दुसरे कुटुंब धारण करीत असलेली आडनावे. एखादे आडनाव विरळ असण्याची कारणे भिन्न असतात. काही आडनावे एकाच पूर्वजापासून निघालेली असतात. काही लेखनिकांच्या वर्णलेखनामुळे मूळ नावापासून वेगळी झालेली असतात. काहींचे धारक युद्धात वा संहारात नाहीसे झालेले असतात. तर काहींची विरळता कायद्यानेच निर्माण केलेली असते. त्यामुळे अशा आडनावांचा अभ्यास भाषाशास्त्राप्रमाणेच सामाजिक इतिहासाच्या व लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

प्रकार : डच आडनावांचे सामान्यतः चार वर्ग करतात. पहिला पितृनामांचा. ‘यान’चा मुलगा तो ‘यान्सेन’, ‘पीटर’चा मुलगा तो ‘पीटर्सेन’ अशी ही नावे बनली. दुसरा वर्ग स्थलवाचक आडनावांचा. त्यांत ‘व्हान’ (चा, पासूनचा) हे शब्दयोगी रूप बहुधा आढळते, उदा., व्हान डाइक (बांधावरचा), व्हान डेन बेर्ख (टेकडीवरचा). प्रसिद्ध चित्रकार फेर्मेर याचे आडनाव ‘व्हान डेर मेर’ (सरोवराकाठचा) या रूपाचा संक्षेप होय. तिसऱ्या वर्गात बाकर (भटारी), स्मिट (लोहार), व्हिसर (कोळी) यांसारखी व्यवसायवाचक आणि चौथ्या वर्गात द योंग (धाकटा), द ख्रोट (थोरला) यांसारखी गुणवाचक आडनावे येतात. यांशिवाय काही प्रादेशिक वैशिष्ट्येही दिसतात. फ्रीझलंड प्रांतात ‘-स्ट्रा’, ‘-मा’, ‘-इंगा’ हे अन्त्यप्रत्यय रूढ आहेत. पूर्वेकडील ट्वेंटे व आख्टरहुक या भागांत शेतवाडीचे नाव तेथे राहणाऱ्या कुटुंबाला मिळे. लग्न होऊन वाडीवर राहावयास आलेला जावईसुद्धा स्वतःचे नाव सोडून वाडीचे नाव घेई. नावांच्या वर्णानुक्रमात नेदर्लंड्समध्ये ‘व्हान’, ‘द’ इ. उपपदे विचारात घेत नाहीत. बेल्जियममध्ये मात्र ती आडनावाचाच भाग मानतात.

नोंदणीचा इतिहास : दक्षिणेकडील शहरांतून वंशपरंपरागत आडनावे मध्ययुगातच स्थिर होऊ लागली होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहांच्या नोंदी ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केल्यानंतर या प्रक्रियेला गती मिळाली. उत्तरेकडील ग्रामीण भागात मात्र दर पिढीला बदलणारे पितृनाम एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून होते. १८१० मध्ये नेपोलियनने हॉलंडचे राज्य फ्रान्समध्ये विलीन केले आणि १८ ऑगस्ट १८११ च्या फर्मानाने, ज्यांना निश्चित आडनाव नव्हते अशा सर्वांना ते घेऊन नोंदविण्याची सक्ती केली. या कामाची मुदत पुढे १८१३ मध्ये वाढविण्यात आली. तरीही काही लोक उरलेच, म्हणून राजा पहिला विल्यम याने १८२५ मध्ये पुन्हा आज्ञापत्र काढले. सैन्यभरती व करवसुली या दोन्हींसाठी प्रत्येक व्यक्तीची निश्चित ओळख शासनाला हवी होती.

या नोंदणीसंबंधी एक लोककथा आजही सांगितली जाते. परकीय सत्ता फार काळ टिकणार नाही, अशा समजुतीने लोकांनी अधिकाऱ्यांची थट्टा करण्यासाठी हास्यास्पद आडनावे नोंदविली आणि ती वंशजांच्या माथी कायमची बसली, अशी ती कथा आहे. तिचे नेहमीचे उदाहरण म्हणजे ‘नाक्तखेबोरेन’ हे आडनाव. त्याचा शब्दशः अर्थ ‘नग्न जन्मलेला’ असा होतो. परंतु हे नाव १८११ च्या बरेच आधीपासून प्रचारात होते. पित्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या अपत्याला उद्देशून असलेल्या जर्मन शब्दाचे ते अपभ्रष्ट रूप मानले जाते. बहुसंख्य लोकांना १८११ पूर्वीच आडनावे होती. नव्याने नाव घेणाऱ्यांत मुख्यतः उत्तरेकडील ग्रामीण जनता व ज्यू कुटुंबे होती आणि त्यांनीही बहुधा साधी, परिसरातील नावे पसंत केली. दुर्मिळ आडनावे निर्माण झाली ती थट्टेपेक्षा कार्यपद्धतीमुळे. वडील हयात नसल्यास भावाभावांनी निरनिराळी नावे नोंदविल्याची उदाहरणे फ्रीझलंडमध्ये आहेत. शिवाय लेखनिकाने जसे ऐकले तसे लिहिले आणि पुढे तेच वर्णलेखन कायदेशीर ठरले. त्यामुळे एकाच उच्चाराची अनेक लिखित रूपे झाली व त्यांतील काही मोजक्याच कुटुंबांपुरती उरली.

संख्या व वितरण : १९४७ च्या जनगणनेच्या आधारे नेदर्लंड्समधील आडनावांची प्रांतवार सूची १९६३ ते १९८८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाली. ॲम्स्टरडॅम येथील मेर्टेन्स संस्थेने नंतर २००७ च्या लोकसंख्या-नोंदणीवरून दुसरी गणना केली. तीनुसार देशात सु. ३ लाख १४ हजार भिन्न आडनावे होती. त्यावेळची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांहून अधिक होती. म्हणजे सरासरीने एका आडनावाच्या वाट्याला सु. ५० व्यक्ती येतात. प्रत्यक्ष विभागणी मात्र अत्यंत विषम आहे. द योंग हे सर्वांत प्रचलित आडनाव सु. ८४ हजार, यान्सेन सु. ७३ हजार व द व्ह्रीस सु. ७१ हजार लोकांचे होते. दुसऱ्या टोकाला पाचांहून कमी धारक असलेली असंख्य आडनावे आहेत. व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचा नेमका आकडा प्रसिद्ध केला जात नाही. आडनावांच्या एकूण संख्येत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशात आलेल्या स्थलांतरितांच्या नावांचाही मोठा वाटा आहे.

विरळ आडनावे कालांतराने लुप्त का होतात, याची गणिती मीमांसा फ्रान्सिस गॉल्टन व एच. डब्ल्यू. वॉटसन या इंग्रज अभ्यासकांनी १८७४ मध्ये मांडली. नाव केवळ पुरुषवंशातून पुढे जात असेल आणि दर पुरुषामागे मुलग्यांची सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल, तर ते नाव कधी ना कधी नष्ट होणे अटळ असते. सरासरी एकाहून अधिक असली, तरी ज्या नावाचा प्रारंभ एकाच व्यक्तीपासून होतो, ते पहिल्या काही पिढ्यांतच खुंटण्याचा संभव बराच असतो. नेदर्लंड्समध्ये १ जानेवारी १९९८ पासून अपत्याला आईचे आडनाव देण्याची मुभा मिळाली आणि १ जानेवारी २०२४ पासून दोघांचीही आडनावे जोडून देता येतात. या सुधारणांमुळे विरळ नावे टिकविण्याचा एक मार्ग उपलब्ध झाला.

मायदेशी विरळ आणि परदेशी विपुल असाही प्रकार घडतो. ‘व्हान डेर मेर्व्हे’ हे आडनाव नेदर्लंड्समध्ये क्वचित आढळते. पण १६६१ मध्ये केप वसाहतीत आलेल्या एका पूर्वजाच्या वंशविस्तारामुळे ते दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्सभाषिकांच्या अतिपरिचित आडनावांपैकी एक बनले. ‘रूझवेल्ट’ हे आडनावही असेच. सतराव्या शतकाच्या मध्यास न्यू ॲम्स्टरडॅममध्ये (आताचे न्यूयॉर्क) स्थायिक झालेला क्लास मार्टेन्सझेन व्हान रोझेनव्हेल्ट (गुलाबांच्या शेताचा) हा या घराण्याचा मूळ पुरुष. त्याचा मुलगा निकोलस याने ‘रूझवेल्ट’ हे रूप स्वीकारले. निकोलसच्या दोन मुलांपासून निघालेल्या दोन शाखांत थीओडोर (कार. १९०१–०९) व फ्रँक्लिन (कार. १९३३–४५) हे अमेरिकेचे दोन राष्ट्राध्यक्ष जन्मले.

सुरिनाममधील मुक्तिकालीन आडनावे : दुर्मिळ डच आडनावांचा सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण गट दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत निर्माण झाला. उसाच्या व कॉफीच्या मळ्यांवर राबणाऱ्या आफ्रिकी गुलामांना कायद्याने आडनाव नव्हते. १८३० ते १८६३ या काळातील गुलामांच्या नोंदवह्यांत गुलामाचे एकच नाव, मालकाचे वा मळ्याचे नाव व आईचे नाव आढळते. बापाची नोंद नसते. मालकाने एखाद्या गुलामास मुक्त केले, तर जुन्या प्रथेनुसार त्याला मालकाच्या नावामागे ‘व्हान’ लावून आडनाव देत. त्याचा अर्थ ‘अमक्याचा’ असा होई. म्हणजे मुक्तीनंतरही मालकीची खूण नावात उरे.

८ ऑगस्ट १८६२ च्या कायद्याने नेदर्लंड्सने आपल्या वेस्ट इंडीजमधील वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली आणि १ जुलै १८६३ रोजी तो अंमलात आला. सुरिनाममध्ये ३३ हजारांहून अधिक व कॅरिबियन बेटांवर सु. १२ हजार गुलाम मुक्त झाले. सुरिनाममधील मालकांना दर गुलामामागे ३०० गिल्डर भरपाई मिळाली; गुलामांना काहीच मिळाले नाही. उलट, १५ ते ६० वर्षे वयाच्या मुक्त स्त्री-पुरुषांना पुढील दहा वर्षे शासकीय देखरेखीखाली मजुरीचे करार करणे भाग पडले. याच वेळी प्रत्येकाला आडनाव देऊन नोंद करण्यात आली. वसाहतीत आधीच प्रचलित असलेल्या कुटुंबांची आडनावे मात्र मुक्त गुलामांना देता येत नव्हती. गोरे मालक व त्यांचे पूर्वीचे गुलाम यांचा नातेसंबंध नावातून सूचित होऊ नये, हा या निर्बंधाचा परिणाम होता. हजारो लोकांसाठी अल्पावधीत नवी नावे शोधणे त्यामुळे क्रमप्राप्त झाले.

ही नावे अनेक मार्गांनी घडविण्यात आली. काही नेदर्लंड्समधील गावांवरून वा मळ्यांवरून घेतली. काही ‘ब्राफहाइट’ (सद्वर्तन) यासारख्या गुणवाचक शब्दांवरून बनविली. या दुसऱ्या प्रकारच्या नावांत मालकवर्गाची अपेक्षाच उमटलेली दिसते. तिसरा मार्ग मूळ आडनाव उलटे करण्याचा होता. ‘द व्ह्रीस’चे ‘व्ह्रीसद’ झाले व ‘विल्केन्स’चे ‘केन्सविल’. ‘ॲम्स्टरडॅम’ हे नगरनाम रोमन लिपीत शेवटाकडून वाचल्यास मिळणारे ‘माद्रेत्समा’ हेही आडनाव बनले. प्रचलित नाव न देण्याचा नियम अशा रीतीने शब्दशः पाळला गेला. तथापि ज्याला मूळ नाव ठाऊक होते, त्याला पूर्वीचा मालक कोण ते सहज कळू शके. नेदर्लंड्समधील अतिप्रचलित तीन आडनावांपैकी एकातून या प्रकारे एक अतिविरळ आडनाव निर्माण झाले, हे लक्षणीय आहे.

या नावांपैकी सर्वाधिक ख्याती ‘द कोम’ या आडनावास लाभली. ‘मोक’ या मालकाच्या आडनावाची अक्षरे उलट करून ते बनले, असे मानतात. अँटन द कोम (१८९८–१९४५) याचा जन्म पारामारिबो येथे झाला. त्याचे वडील गुलामगिरीत जन्मले होते. वसाहतीतील कामगारांना संघटित केल्याबद्दल त्याला १९३३ मध्ये अटक करून नेदर्लंड्सला पाठविण्यात आले. तेथे १९३४ मध्ये त्याने आम्ही सुरिनामचे गुलाम या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वसाहतीचा इतिहास गुलामांच्या वंशजाच्या दृष्टीने सांगणारा तो आद्य ग्रंथ होय. जर्मन आक्रमणाच्या काळात तो भूमिगत प्रतिकार चळवळीत सामील झाला. ऑगस्ट १९४४ मध्ये तो पकडला गेला व २४ एप्रिल १९४५ रोजी जर्मनीतील झांटबॉस्टेल येथील छावणीत मरण पावला. सुरिनामच्या विद्यापीठाला १९८३ मध्ये त्याचे नाव देण्यात आले आणि नेदर्लंड्सच्या शालेय इतिहासाच्या अधिकृत विषयसूचीत २०२० मध्ये त्याचा समावेश झाला.

देखरेखीची दहा वर्षे १८७३ मध्ये संपत असतानाच मळ्यांवर मजुरांची टंचाई भासू नये, म्हणून भारतातून करारबद्ध मजूर आणण्यास प्रारंभ झाला. लालारुख हे पहिले जहाज ५ जून १८७३ रोजी सुरिनामला पोहोचले. १९१६ पर्यंत सु. ३४ हजार भारतीय, मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेश व बिहार या भागांतील, तेथे गेले. त्यांपैकी बहुतेकांना एकच नाव असे. ते वा पित्याचे नाव पुढे वंशजांचे आडनाव ठरले. डच वर्णलेखनात ‘ज’ या ध्वनीसाठी डी व जे आणि ‘उ’साठी ओ व ई ही जोडाक्षरे वापरीत असल्याने ज्वालाप्रसादसारखी परिचित भारतीय नावेही लिखित स्वरूपात अपरिचित वाटतात. २५ नोव्हेंबर १९७५ रोजी सुरिनाम स्वतंत्र झाला. त्या सुमारास हजारो लोक नेदर्लंड्सला स्थलांतरित झाले व त्यांच्याबरोबर आफ्रिकी आणि भारतीय वंशाच्या कुटुंबांची ही आडनावे तेथील नोंदींत आली. व्ह्रीसद हे आडनाव लेतितिया व्ह्रीसद या सुरिनामी धावपटूमुळे क्रीडाजगतात परिचित झाले. १९९५ च्या जागतिक मैदानी स्पर्धेत तिने ८०० मी. शर्यतीत रौप्यपदक मिळविले.

लुप्त झालेली आडनावे : दुसऱ्या महायुद्धकाळात नेदर्लंड्समधील सु. १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक जण मारले गेले. अनेक कुटुंबांचा समूळ उच्छेद झाला आणि त्यांच्याबरोबर त्यांची विरळ आडनावेही संपली. १९४७ च्या जनगणनेवर आधारित सूची या संहारानंतरची असल्याने ती वापरताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ॲम्स्टरडॅम येथे सप्टेंबर २०२१ मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय नामस्मारकात १ लाख २ हजारांहून अधिक बळींची नावे स्वतंत्र विटांवर कोरलेली आहेत. काही आडनावांचे आता तेवढेच अस्तित्व उरले आहे.

सद्यःस्थिती : सुरिनाममधील गुलामांच्या नोंदवह्या २०१८ मध्ये सर्वांना खुल्या झाल्या. तेव्हापासून अनेक कुटुंबांना आपल्या आडनावाचा उगम व त्यापूर्वीची, आईच्या बाजूची वंशपरंपरा शोधता येऊ लागली. गुलामगिरीबद्दल डच शासनाच्या वतीने पंतप्रधान मार्क रूट यांनी १९ डिसेंबर २०२२ रोजी व राजे व्हिलेम-अलेक्झांडर यांनी १ जुलै २०२३ रोजी क्षमायाचना केली. १ जुलै हा मुक्तिदिन ‘केती कोती’ (साखळ्या तुटल्या) या नावाने पाळला जातो. काही वंशजांनी मालकांशी निगडित आडनावे बदलून आफ्रिकी नावे घेण्याचा हक्क मागितला आहे. तर इतर अनेकांनी, आपल्या पूर्वजांना लाभलेले पहिले कायदेशीर नाव म्हणून, ती तशीच चालू ठेवली आहेत.