खिळे, छापखाना आणि भ्रमणध्वनी

१/ १५ ऑगस्ट २०११ रोजी गूगलने मोटोरोला मोबिलिटी ही फोन बनवणारी कंपनी साडेबारा अब्ज डॉलरना विकत घेण्याची घोषणा केली. अँड्रॉइड ही प्रणाली तर गूगल सर्वच फोन-उत्पादकांना मोफत देत होते. मग आज्ञावली लिहिणाऱ्याला कारखान्याची गरज का भासावी?

२/ प्रश्न नवा, पेच जुना. मुंबईत जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम करीत. त्यांनी १८६४ मध्ये आधी खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना.

३/ हा क्रम अर्थपूर्ण आहे. देवनागरीला जोडाक्षरांमुळे शेकडो वेगवेगळे खिळे लागतात. ते दुसऱ्याकडून घ्यायचे, तर अक्षराचे वळणही त्याचेच पत्करावे लागते. साचे स्वतःचे असले, की झिजलेला खिळा वितळवून पुन्हा पाडता येतो आणि हवे ते अक्षर घडवता येते. मजकूर व साधन एका हाती असण्याचे हेच बळ.

४/ गूगलला मात्र साच्यांहून अधिक हवी होती ढाल. त्याच उन्हाळ्यात नॉर्टेल कंपनीची पेटंटे साडेचार अब्ज डॉलरना विकली गेली. ती ॲपल, मायक्रोसॉफ्ट आदींच्या गटाने घेतली, गूगल मागे पडले. अँड्रॉइडचे फोन बनवणाऱ्यांवर पेटंटभंगाचे दावे चालूच होते. मोटोरोलाकडे सुमारे १७ हजार पेटंटे होती.

५/ पण कारखाना घेताच सॅमसंगसारखे भागीदार प्रतिस्पर्धी ठरण्याचा धोका होता. जानेवारी २०१४ मध्ये गूगलने मोटोरोला लेनोव्होला २.९१ अब्ज डॉलरना विकण्याचे जाहीर केले. बहुतांश पेटंटे मात्र स्वतःकडेच ठेवली.

६/ मायक्रोसॉफ्टची गोष्ट उलट. विंडोज फोनचा भार प्रामुख्याने एकट्या नोकियावर होता. नोकिया अँड्रॉइडकडे वळली असती, तर प्रणाली निराधार झाली असती. २०१३ मध्ये ५.४४ अब्ज युरोंचा करार ठरला, एप्रिल २०१४ मध्ये पुरा झाला. जुलै २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवले. ग्राहक व ॲप बनवणारे अँड्रॉइड आणि आयफोनकडे गेले होते. कारखाना विकत मिळतो, त्यांची पसंती मिळत नाही.

७/ या व्यवहाराची किंमत चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरने मोजली. करविषयक वादामुळे नोकियाचा तेथील कारखाना करारातून वगळला गेला. नवा मालक मिळाला नाही, जुन्याला फोन बनवायचे नव्हते. १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन थांबले आणि हजारो कामगारांचा रोजगार गेला.

८/ जावजींनी खिळे इतर छापखान्यांनाही विकले, तरी गिऱ्हाईक तुटले नाही. कारण त्यांचे खिळेच उत्तम होते. धातू, अक्षर आणि वाचक तिन्ही त्यांना हाताने ठाऊक होते. दीड शतकानंतरच्या खरेदीदारांकडे पैसा अमाप होता, ही ओळख नव्हती.

९/ आज बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात बसून कोणी हा धागा वाचत असेल, तर त्याच्या पडद्यावरील मराठी अक्षर बहुधा अँड्रॉइडच उमटवत असेल. ते कसे दिसावे, हे ठरवणारा साचा कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न १८६४ इतकाच आजही जिवंत आहे.