सांगून उरलेले सिनेमे

मुंबई, जानेवारी १९५२. भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झालाय. बोरीबंदरजवळच्या न्यू एम्पायरला उद्घाटन झालं. इथून तो पुढे मद्रास, दिल्ली, कलकत्त्याला जाणार. तुमच्या रांगेतल्या बहुतेकांनी परदेशी सिनेमा म्हणून आजवर हॉलिवूडच पाहिलंय. आणि आज तुम्ही व्हित्तोरिओ डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ बघून बाहेर पडताय.

घरी गेल्यावर झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये शेजारच्या ओळखीच्या माणसाला तुम्ही सांगायला लागता.

“गोष्ट काय आहे?”

“एका माणसाची सायकल चोरीला जाते.”

“मग?”

“मग ती सापडत नाही.”

तो तुमच्याकडे बघत राहतो. त्याला यात सांगण्यासारखं काय ते कळेना, आणि तुम्हालाही कळतं, की गोष्ट सांगून भागणार नाही. मग तुम्ही हॉटेलातल्या त्या प्रसंगाकडे वळता. बाप-लेक खिशात फारसे पैसे नसताना जेवायला बसलेत. शेजारच्या टेबलावर एक श्रीमंत मुलगा. लेक ब्रूनो पाव आणि चीज खातोय, दाताखाली चीजची तार लांबत जाते आणि त्याची नजर चोरून चोरून त्या मुलाच्या ताटाकडे. बापाचं काम करणारा लांबेर्तो माज्जोरानी खरोखरच कारखान्यातला कामगार आहे, नट नाही, हेही तुम्ही सांगता. भायखळा येईपर्यंत शेजाऱ्याचा पेपर घडी होऊन मांडीवर आलेला असतो.

याच महोत्सवात बिमल रॉय प्रेक्षकांत आहेत. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, ते ‘दो बिघा जमीन’ घेऊन येतात. कुरोसावाचा ‘राशोमोन’ही इथेच दाखवतायत. एकेका प्रिंटने किती जणांच्या डोक्यात काय पेटवलं याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही, पण या महोत्सवानंतर आपल्याकडचा सिनेमा पूर्वीसारखा राहिला नाही, एवढं मी छातीठोकपणे म्हणेन.

या काळातली एक गोष्ट आज आपल्याला कळणं अवघड जातं, म्हणून तुम्हाला इथे आणलंय. पाहिलेला सिनेमा परत भेटेलच असं नाही. प्रिंट दूतावासाची, किंवा परदेशातून आठ दिवसांपुरती आलेली. पेटी बंद झाली की संपलं. तेव्हा ‘माझा आवडता सिनेमा’ म्हणजे तुमच्या डोक्यात जेवढा उरला तेवढाच. तो दुसऱ्याला द्यायचा तर पुन्हा उभा करावा लागतो, शॉटमागून शॉट, तोंडाने. म्हणून ही माणसं अशी डोळे फाडून बघतात.

आता पुण्याला चला. साल १९६५-६६ धरा.

लॉ कॉलेज रोडवरून आत वळलात की प्रभात स्टुडिओ. म्हणजे होता. प्रभात बंद पडला आणि १९६० मध्ये त्याच जागेत सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आली. शूटिंगचे फ्लोअर तेच, झाडं तीच. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि त्याच्या कामाला पी. के. नायर नावाचा केरळी तरुण जुंपला गेलाय. हा माणूस देशभर हिंडून डबे गोळा करतो. नाशिकला फाळके कुटुंबाकडून त्याने दादासाहेबांच्या सिनेमांचं उरलंसुरलं आणलं, म्हणून ‘कालिया मर्दन’मधली फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण होऊन आजही आपल्याला हसताना दिसते.

संध्याकाळचा खेळ आहे. तुम्ही मागच्या रांगेत बसा. ऑपरेटरने पहिलं रीळ लावलंय, दुसरं शेजारच्या प्रोजेक्टरवर तयार आहे. एक हजार फुटांचं रीळ अकराएक मिनिटं चालतं. संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक टिकली चमकते, काही सेकंदांनी दुसरी, आणि त्या क्षणी ऑपरेटर एका मशीनवरून दुसऱ्यावर जातो. सरावलेल्या प्रेक्षकालाच ती टिकली दिसते. अंधारात एका बाजूला बारीक बॅटरीचा उजेड लागतो आणि विझतो. ते नायर. सिनेमा चालू असताना ते वहीत टिपून घेतायत, कुठल्या रिळात काय आहे. पुढे अशा वह्यांचे ढीग होतील. अमुक प्रसंग कितव्या रिळात, हे ते विचारल्याबरोबर सांगतात, ते या अंधारातल्या लिहिण्याच्या जोरावर.

खेळ संपला की कुणी घरी जात नाही. आवारात आंब्याचं एक जुनं झाड आहे, पोरं त्याला ज्ञानवृक्ष म्हणतात. त्याखाली जो तो आपापल्या भाषेच्या वळणाचं हिंदी-इंग्रजी बोलतोय. ऋत्विक घटक सध्या इथे शिकवतात, आणि त्यांचा वर्ग भिंतींच्या आत मावत नाही. ‘अजांत्रिक’, ‘मेघे ढाका तारा’, ‘कोमल गांधार’ त्यांच्या पाठीशी आहेत आणि पैशांच्या बाबतीत त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना बुडवलंय. विद्यार्थ्यांत मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम. मणी ‘उसकी रोटी’ करील, कुमार ‘माया दर्पण’. जॉन तर वीसेक वर्षांनी मित्रांना घेऊन केरळातल्या गावागावांत ढोल वाजवत लोकांकडून पैसे जमवील आणि त्यातून ‘अम्मा अरियान’ उभा राहील. आज ती सगळी पोरं आहेत, चहाच्या पैशांची चिंता असलेली.

वाद रंगलाय तो आवाजांवरून. एक बंगाली मुलगा ‘मेघे ढाका तारा’बद्दल सांगतोय. घर चालवणाऱ्या नीताचं लग्न झालं तर घरात पैसा येणार कुठून, ही आईची धास्ती. ती धास्ती आई बोलून दाखवत नाही. पडद्यावर भात रटरटण्याचा आवाज येतो, नको तितका मोठा. पुढे एका गाण्याच्या शेवटी नीता कोसळते आणि चाबकाचा फटकारा ऐकू येतो. चाबूक कुठेही दिसत नाही. मुलगा तोंडानेच तो आवाज काढतो आणि गप्प होतो.

मग ‘पथेर पांचाली’. हरिहर गावाहून परत आलाय, लेक दुर्गासाठी आणलेली साडी काढून दाखवतोय. दुर्गा गेली हे त्याला ठाऊक नाही. बायको सर्बजयाचा बांध फुटतो. एक जण पैजेवर सांगतो, तिचा हंबरडा मी या कानांनी ऐकलाय, अजून अंगावर काटा येतो. दुसरा म्हणतो, हंबरडा नाहीच. तिचं तोंड उघडतं आणि तिथे तारशहनाई आहे.

दुसऱ्याचं खरं आहे. सत्यजित रायनी त्या जागी तिचा आवाज काढून तारशहनाई घातली. पण पहिल्यालाही मी खोटा म्हणणार नाही. त्याने रडणं ऐकलं ते स्वतःच्या आतून आलेलं, आणि तो सिनेमाच असा आहे, की ते त्याच्याकडून काढून घेतो. हा निवाडा उद्या सतीश बहादूर यांच्या वर्गात होईल. आग्ऱ्याला अर्थशास्त्र शिकवता शिकवता फिल्म सोसायटी चालवणारा हा प्राध्यापक इथे येऊन सिनेमाचा रसास्वाद शिकवतो, ‘पथेर पांचाली’चा एकेक शॉट थांबवून. मिठाईवाला, त्यामागे दुर्गा आणि तिचा भाऊ अपू, त्यामागे कुत्रा, आणि तळ्याच्या पाण्यात उलटी चाललेली ती सगळी वरात. एवढ्याशा जागेवर ते बोलू लागले की तास पुरत नाही.

तेवढ्यात कुणीतरी तुम्हाला विचारतं. तुम्ही महाराष्ट्राचे ना? तुमचा आवडता?

तुमच्या ओठांवर आधी बर्गमन येतो. का कोण जाणे, आपल्या घरचं नाव परक्यांत घ्यायला जीभ रेटत नाही. पण तुम्ही ‘संत तुकाराम’ म्हणता. दामले-फत्तेलाल, १९३६. आणि म्हणता म्हणता लक्षात येतं, की तो याच स्टुडिओत झालाय, तुम्ही बसलात तिथून हाकेच्या अंतरावर. १९३७ मध्ये व्हेनिसला त्याचा गौरव झाला हे या मुलांना माहीत आहे. त्यांना हवंय ते वेगळं. जिजाई कशी बोलते? तुम्ही त्यांना देहूची ती बायको सांगता, म्हशीवर जीव असलेली, आजारी पोराला घेऊन देवळात जाणारी आणि हातात वहाण घेऊन विठोबालाच जाब विचारणारी. ते काम करणारी गौरी प्रभातमध्ये साधी कामगार म्हणून आली होती. तुम्ही तिची चाल करून दाखवता. केरळचा मुलगा हसता हसता थांबतो आणि म्हणतो, माझी आजी अशीच देवाशी भांडते.

त्या क्षणी तुमचा सिनेमा त्याचाही होतो. मला फिल्म सोसायट्यांचं मोल वाटतं ते यासाठी. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि मित्रांनी कलकत्त्यात सोसायटी काढली, १९५९ मध्ये देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला, १९६८ मध्ये मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ मराठी माणसांनी उभं केलं. वर्गणी भरणाऱ्यांत सेन्सॉरची कात्री न लागलेलं काही बघायला मिळेल म्हणून आलेलेही पुष्कळ असत, सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्यांच्याही वर्गणीवर पोलंडचा, हंगेरीचा, जपानचा सिनेमा आला. आले ते बघायला एक आणि काहींना लागलं वेगळंच. मला त्यात वावगं काही दिसत नाही.

झरकन दहा-बारा वर्षं पुढे, कर्नाटकात. शिवमोग्गा जिल्ह्यातलं हेग्गोडू. सुपारीच्या बागा, लाल माती, आणि के. व्ही. सुब्बण्णांची ‘नीनासम’. ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’ इथे गावकऱ्यांना दाखवलेत. नायर आणि बहादूर या खटाटोपात मनापासून सामील. सुपारी सोलणारी माणसं ‘राशोमोन’मधल्या कुणाची साक्ष खरी, लाकूडतोड्याची की डाकूची, यावर बोलतात. त्यांना कुणी कुरोसावा थोर आहे असं आधी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित ती इतकं मोकळं बोलली नसती.

पुण्याहून निघताना झाडाखालच्या पोरांनी तुमच्यावर एक काम टाकलं होतं. तुम्ही काळात मागे जाऊ शकता म्हणालात, तर आमच्यासाठी एवढं बघून या. म्हणून आता गिरगाव. १४ मार्च १९३१, मॅजेस्टिक सिनेमा.

गर्दी आवरायला पोलीस आलेत. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना जातंय. ‘आलम आरा’, हिंदुस्थानचा पहिला बोलपट. याची एकही प्रिंट उरणार नाही. छायाचित्रं राहतील, जाहिराती राहतील, गाण्यांचे शब्द राहतील, आवाज जाईल. ज्या गोष्टीसाठी ही माणसं खांद्यावर खांदा घासत उभी आहेत, नेमकी तीच. आपल्याकडची कित्येक रिळं चांदी काढण्यासाठी वितळवली गेली, हे तुम्हाला माहीत आहे. इथे ते कुणालाच माहीत नाही.

म्हणून कान उघडे ठेवून बसा. पोरांनी विचारलेलं सगळं आठवा. वजीर मोहम्मद खानांचं फकिराचं गाणं: मागे पेटी आणि तबला वाजतोय, पण वाजवणारे कॅमेऱ्याच्या नजरेआड कुठे बसवले असतील, डावीकडे की उजवीकडे? रेल्वेचा खडखडाट नको म्हणून दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी रात्री उशिरा शूटिंग केलं. तरी एखादी गाडी कुठे निसटून आलीय का? नायिका जुबैदाचा आवाज जाड की पातळ? गाताना कॅमेरा हलतो का? गाणं संपल्यावर दोन क्षण शांतता आहे की लगेच बोलणं? मास्टर विठ्ठल मूकपटांचे राजे, त्यांना इथे बोलायला फार दिलेलं नाही असं म्हणतात. किती वाक्यं, मोजा.

दिवे जातात. पडद्यावरून माणसाचा आवाज येतो आणि सगळं थिएटर असं ओरडतं, की पहिली दोन-तीन वाक्यं तुमच्या हातून गेली. शेजारचे गिरगावकर टोपी मांडीवर ठेवून पुढे झुकलेत.

सेनापतीच्या वेषातला तो उंचापुरा तरुण येतो. तुम्हाला राहवत नाही.

“याचं नाव लक्षात ठेवा. पृथ्वीराज कपूर.”

“छे हो!” ते पडद्यावरची नजर न काढता म्हणतात. “मास्टर विठ्ठलपुढे कोण टिकणार? तुम्ही त्याचे मूकपट पाहिलेत का? नाही ना? मग मध्यंतरात सांगतो. सगळे सांगतो.”