सायकलची घरगुती जुळवणी व देखभाल

सायकल चालती ठेवण्यासाठी घरच्या घरी, मोजक्या पान्ह्यांनिशी करता येणारी कामे. ही नोंद मुख्यतः बिनगिअरच्या, २८ इंची चाकांच्या साध्या सायकलीविषयी आहे. स्टार्ली यांची १८८५ची ‘रोव्हर’ आणि डनलप यांचा १८८८चा हवेचा टायर यांनंतर या वाहनाची मूळ घडण फारशी बदललेली नाही; त्यामुळे जुन्या कारागिरांच्या बहुतेक युक्त्या आजही चालतात. जुळवणीचे जवळजवळ सगळे काम किती आवळायचे आणि किती ढील ठेवायची एवढ्याचेच असते. घरगुती दुरुस्तीत सायकल बिघडते ती बहुधा पान्हा जास्त फिरवल्याने.

चेन मधोमध बोटाने वरखाली केली असता सुमारे अर्धा इंच हलावी. पायडल फिरवत हे चार ठिकाणी पाहावे, कारण चक्र क्वचितच अगदी गोल असते. जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथली ढील धरायची. ढील वाढली की मागच्या ॲक्सलचे नट सैल करून चाक मागे ओढतात. तेव्हा रिम दोन्ही नळ्यांच्या बरोबर मध्ये राहील हे पाहावे लागते, आणि सळईचे ब्रेक असल्यास त्यांचे रबर पुन्हा जुळवावे लागते. नव्या चेनीच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. तेच माप १/१६ इंचाने वाढले की चेन बदलावी. १/८ इंच वाढेपर्यंत चालवल्यास दातेही गेलेले असतात. तेल प्रत्येक कडीला थेंबभर देऊन वरचे पुसून टाकावे. खोबरेल थंडीत गोठते, शिलाई मशीनचे तेल फार पातळ असल्याने लवकर उडून जाते.

चाक डावीउजवीकडे डुलू लागले की ‘आउट’ आला म्हणतात. पोत्यावर सायकल उलटी उभी करावी, चिमट्याला हात टेकवून खडू रिमलगत धरावा आणि चाक हळूहळू फिरवावे. रिम जिथे बाहेर येते तिथेच रेघ उमटते. रेघ उजव्या अंगाला असेल तर त्या टप्प्यातले, हबच्या डाव्या चकतीतून येणारे स्पोक आवळायचे आणि उजवीकडचे तेवढेच सैल करायचे. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. निपल टायरच्या बाजूने पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आवळते, हबकडून पाहिल्यास उलट. नवशिके नेमके इथे फसतात. नुसते आवळतच गेले तर डुलणे थांबते, पण रिमला उंचवटे येतात. शेवटी टायर काढून निपलाबाहेर डोकावणारी टोके कानशीने घासावीत आणि रिमपट्टी नीट बसवावी, नाहीतर ट्यूब आतून भोसकली जाते.

हबमध्ये छर्रे वाटी आणि कोन यांच्यामध्ये फिरतात. रिम धरून आडवी हलवल्यावर खटखट लागली तर कोन सैल आहे. उलट तपासणीही सोपी आहे: पुढचे चाक उचलून सोडल्यावर व्हॉल्व्ह आपल्याच वजनाने हळूच तळाशी यायला हवा. तो मध्येच थांबला तर कोन जास्त आवळलेला आहे किंवा आतले ग्रीस सुकले आहे. नट घट्ट करताना कोन सरकतो, म्हणून ही परीक्षा नट आवळल्यानंतरच घ्यावी.

पंक्चर काढण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोटे फिरवावीत. बाभळीचा काटा आत राहिला तर पॅच कितीही चांगला असो, संध्याकाळी हवा गेलेली असते. सोल्यूशन बोटाला चिकटेनासे झाल्यावरच पॅच लावायचा. कुठेच छिद्र सापडत नसेल तर बऱ्याचदा दोष वॉलट्यूबचा असतो. व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब ठेवला की बुडबुडा तो दाखवून देतो.

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पावसाळ्यापूर्वी सीटची दांडी काढून तिला ग्रीस लावावे. एकदा गंजून बसली की ती निघता निघत नाही. क्रँकची कॉटर पिन ठोकून काढणे आणि वाकलेला चिमटा सरळ करणे ही कामे मात्र दुकानाचीच.