कोंबड्या, हाडं आणि बंदुकीची गोळी

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेला रायफल नेमबाजीत ब्राँझ मिळालं, तेव्हा आमच्या काकांनी जेवताना एक पिल्लू सोडलं. "गोळ्या तर सगळ्या कारखान्यातून सारख्याच येतात. मग नेम चुकला तर दोष माणसाचाच ना?" मी मान डोलावली आणि वरण वाढून घेतलं. नंतर वाचताना कळलं की याच प्रश्नापायी एका डॉक्टरने आयुष्य घालवलंय. तर काका, आजची पोस्ट तुमच्यासाठी.

डॉ. फ्रँकलिन मॅन. जन्म १८५६, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा. शिकला डॉक्टरी, पण जीव रमायचा यंत्रांत. कोंबड्यांना ताज्या हाडांचा चुरा घातला की त्या अंडी जास्त देतात, असं तेव्हा मानत. मॅनसाहेबांनी तो चुरा करायचं यंत्र काढलं, मिलफर्डला कारखाना घातला, पैसा मिळवला आणि तो घातला बंदुकीच्या गोळ्यांत. (आपल्याकडे घरच्यांनी काय म्हटलं असतं, ते लिहीत नाही.)

त्या काळी हौशी नेमबाज काडतूस स्वतःच भरत. झाडलेली पितळी पुंगळी जपून ठेवायची, तिला नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, शिसं वितळवून साच्यात गोळी ओतायची. दारूचं माप ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त, थोडक्यात सोनारकामच. एवढं करूनही गोळ्या एका भोकातून जायच्या नाहीत. का? कोणी वाऱ्याला बोल लावी, कोणी दारूला, कोणी नळीला, आणि आमच्या काकांसारखे लोक माणसाला.

मॅनने आधी माणूसच काढून टाकला. काँक्रीटच्या भक्कम पायावर व्ही आकाराची खाच आणि तिच्यात ठेवलेली नुसती नळी. खांदा नाही, श्वास नाही, डोळा नाही. तरीही गोळ्या पांगल्याच! दुसरा असता तर इथेच नाद सोडता. याने गोळीच्या वाटेत एकामागे एक कागदी पडदे लावले. सरळ गेलेली गोळी कागदाला गोल भोक पाडते, कलती गेलेली लांबट. प्रत्येक पडद्यावरचं भोक मोजत गेलं की गोळी हवेत कशी डोलत गेली ते पुढ्यात मांडलं जातं. कॅमेऱ्याविना काढलेला सिनेमाच म्हणा ना.

मग त्याने गोळ्या मुद्दाम बिघडवायला सुरुवात केली. काहींची टोकं खराब केली, काहींच्या तळाला इजा केली. आपल्याला वाटेल, हवा कापत जातं ते टोक, तेव्हा टोक बिघडलं की संपलं. झालं उलटंच. टोक बिघडलेल्या गोळ्या बऱ्यापैकी ठिकाणावर गेल्या. तळ बिघडलेल्या भरकटल्या.

कारण मोठं मजेदार आहे. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी मागचा कोंडलेला वायू तिच्या तळाच्या कडेने निसटतो. कड एका बाजूला तुटलेली असेल तर वायू तिथून आधी सुटतो आणि जाता जाता गोळीला कलंडवतो. शिवाय नळीतल्या आट्यांमुळे गोळी गरगरत असते. दर चौदा इंचांना एक फेरा आणि सेकंदाला चौदाशे फूट वेग धरला, तर सेकंदाला बाराशे फेरे होतात! शिशात एका बाजूला हवेचा बारीक बुडबुडा राहिला असेल तर अशा भोवऱ्याचं काय होईल, सांगा.

मॅनच्या प्रयोगांतल्या बऱ्याच नळ्या हॅरी पोप या कारागिराच्या हातच्या. मागून भरलेली गोळी आट्यांतून पुढे रेटली जाते तेव्हा शिसं मागे ओढलं जाऊन तळाच्या कडेला कंगोरे येतात. पोपच्या पद्धतीत दारू मागून भरायची, पण गोळी मात्र पुढून, नळीच्या तोंडातून आत सारायची. तळ स्वच्छ राही. या बिचाऱ्याने १९०६ साली सॅन फ्रान्सिस्कोत दुकान थाटलं आणि लगेच तो भूकंप झाला.

मॅनचं पुस्तक १९०९ साली आलं. मला त्यातलं आवडतं ते हे की त्याने फसलेले प्रयोगही लिहून ठेवलेत. कारण सापडत नव्हतं त्या चुकीला त्याने बीजगणितातल्यासारखं एक्स नाव दिलं आणि तिच्यामागे वर्षानुवर्षं लागला. १९१६ साली तो गेला, तोवर चूक पुष्कळ आकसली होती. शून्य काही झाली नव्हती.

आता काका, स्वप्नीलच्या स्पर्धेविषयी. त्या पॉइंट टू टू काडतुसात टोपी वेगळी नसते, पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो. त्यामुळे ते घरी पुन्हा भरता येत नाही. मग मोठ्या स्पर्धांचे नेमबाज काय करतात? आपली रायफल घेऊन चाचणीच्या जागी जातात. तिथे ती पकडीत घट्ट आवळतात आणि एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, पण वेगवेगळ्या दिवशी बनलेल्या गोळ्या झाडून बघतात. ज्या घाण्याच्या गोळ्या सगळ्यांत जवळजवळ पडतात, त्याच घाण्याची खोकी उचलतात. दुसऱ्याच्या रायफलीला कदाचित वेगळाच घाणा मानवतो. आणि ही परीक्षा चालू असते तेव्हा नेमबाज बाजूला हात बांधून उभा असतो.