तारापूरचं इंधन

चूल पेटवायला रॉकेल द्यायचं आणि वर बजावायचं, की याने कोणाचं घर पेटवायचं नाही. अणुऊर्जेचं राजकारण थोडक्यात असंच आहे. १९५३ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत हा सौदा मांडला. विजेसाठी आम्ही मदत करतो, तुम्ही बॉम्बच्या वाटेला जाऊ नका. इराणची बातमी आली की हाच विचार पुन्हा डोकं वर काढतो. पण त्याने काय साधतं हे बघायला आम्हा नायगावकरांना इराणला जायला नको. एका बाजूला ट्रॉम्बे आहे, दुसऱ्या बाजूला बोईसरजवळचं तारापूर.

ट्रॉम्बेची 'सायरस' भट्टी कॅनडाने दिलेली, जड पाणी अमेरिकेचं. ती १९६० साली सुरू झाली. अट एवढीच, की वापर शांततेसाठी करायचा. तपासायला बाहेरचं कोणी येणार नव्हतं. तारापूरचं तसं नव्हतं. १९६३ च्या कराराने अमेरिकेने तीस वर्षं समृद्ध युरेनियम द्यायचं कबूल केलं आणि भारताने तिथे परकीय तपासणी मान्य केली. १९६९ पासून तिथली वीज महाराष्ट्र-गुजरातला मिळू लागली.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला स्फोट झाला. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. जूनमध्ये शाळा उघडली तर शिक्षकांच्या खोलीत हाच विषय, सगळ्यांची छाती फुगलेली. तारापूरच्या इंधनाचं काय होईल, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही.

स्फोटाचं प्लुटोनियम सायरसमधलं होतं, पण भुर्दंड पडला तारापूरला. १९७८ साली अमेरिकेने कायदा केला, की देशातल्या सगळ्या अणुभट्ट्या तपासणीला खुल्या करा, तरच इंधन. मोरारजीभाई स्वतः बॉम्बच्या विरोधात, पण ही अट त्यांनीही मानली नाही. १९८० साली कार्टर यांनी इंधन पाठवायचं ठरवलं, तेव्हा सिनेटमध्ये विरोधाचा ठराव ४६ विरुद्ध ४८ असा जेमतेम पडला. शेवटी १९८२ साली तोड निघाली. इंधन फ्रान्सने द्यायचं, तपासणी चालू ठेवायची.

आता हिशेब मांडून बघा. इंधन अडवून ट्रॉम्बे खुलं झालं नाही आणि १९९८ चे स्फोटही टळले नाहीत. मात्र तारापूरची तपासणी भारताने मोडली नाही. १९९३ साली अमेरिकेचा करार संपला तरी ती चालू राहिली. पुढे २००८ साली अणुव्यापाराची दारं उघडली, तेव्हा भारताने १४ भट्ट्या तपासणीखाली आणल्या. बॉम्बचं काम मात्र वेगळंच राहिलं.

मला यातून एवढंच दिसतं. इंधन देऊन एखाद्या देशाचं मन बदलता येत नाही. पण करार स्वच्छ असेल आणि देणाराही शब्दाला जागत असेल, तर निदान तेवढी भट्टी बॉम्बपासून लांब राहते. हे थोडं वाटेल, पण सायरसच्या वेळी तेवढंही मागितलं गेलं नव्हतं.